गुलाबी खडे, ज्याचे त्याला

पत्रक लिहिताना पहिल्या ओळीतच सांगायचं असतं, राग कोणावर आहे ते. वाचणारा जिना चढत असतो, हातात भाजीची पिशवी असते, तिसऱ्या ओळीपर्यंत तो थांबत नाही. मी लिहायला शिकले ती चाळीच्या पुनर्विकासाची पत्रकं लिहून, त्यामुळे इथेही तेच करते. माझा राग गुलाबी दगडांवर आहे. ते दगड वाटणाऱ्या बाईवर आहे. तो राग गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचा एक गट आहे. परळ, लालबाग, दादर, गिरगाव ह्या पट्ट्यात कुठे मांज्यात घार अडकली, कोणाच्या मोरीत साप निघाला, कुठे वटवाघळाचं पिल्लू पडलं की फोन येतो, आणि जो मोकळा असेल तो जातो. कोणी बँकेत आहे, कोणी कॉलेजात, एक जण केटरिंग करतो. मी हिंदमाताजवळच्या एका छापखान्यात मजकूर लावते. आमचे अध्यक्ष गिरगावातले निवृत्त शिक्षक. अतिशय सज्जन माणूस, आणि त्या सज्जनपणाने आम्हाला जितका त्रास दिला तितका कुठल्या नागानेही दिला नाही.

बाई आमच्याकडे आली ती पिंजरे घेऊन. चांगले पिंजरे होते, ते मी नाकारत नाही. मग तिने एक जुनी व्हॅन दिली. मग गिरगावातल्या आमच्या बैठकांना येऊन बसायला लागली. आणि एका रविवारी सतरंजीच्या मधोमध तांब्याचं ताट आलं. ताटात दगड. गुलाबी, जांभळे, काही दुधी, सगळे गुळगुळीत, बोरांएवढे.

बाईचं म्हणणं साधं होतं. प्राणी वाचवणारी माणसं चिडलेली असतात. पतंगवाल्यांवर चिडतात, महापालिकेवर चिडतात, शेजाऱ्यांवर चिडतात. हा राग त्यांच्या हातांतून जखमी पक्ष्यात उतरतो आणि पक्षी मरतो. म्हणून गुलाबी स्फटिक हृदयाशी धरायचा. करुणा जागी होते, ती पक्ष्याला पोचते, आजूबाजूच्या माणसांनाही पोचते. प्रत्येकाला एका छोट्या कापडी थैलीत एकेक खडा मिळाला. कॉल आला की निघण्याआधी गोल करून उभं राहायचं, खडा छातीशी, डोळे बंद, दीर्घ श्वास.

"आणि तोवर ती घार काय करणार?" मी विचारलं.

"घारीला कळतं, बाळा."

बाई परळच्याच एका टॉवरात राहते. टॉवर मिलच्या जागेवर उभा आहे, आणि त्या मिलमध्ये माझे आजोबा साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. हे मी तिला एकदा बोलता बोलता सांगितलं, तर तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "बघ, किती सुंदर वर्तुळ पूर्ण झालं." वर्तुळ म्हणे. आजोबांना ह्या वर्तुळाची कल्पना असती तर संपात इतकी वर्षं काढली नसती त्यांनी.

पहिला प्रयोग हिंदमाताला झाला. साडीच्या दुकानांवरच्या तारेला घार उलटी लटकली होती, एक पंख मांज्यात. आम्ही व्हॅनमधून उतरलो आणि अध्यक्षांनी हात वर केला. गोल करा. आम्ही गोल केला. साड्या घ्यायला आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या. डोळे उघडले तेव्हा अग्निशमन दलाची माणसं शिडी लावून, घार खाली उतरवून, खोक्यात घालून मोकळी झाली होती. त्यांच्यातला एक जण टपरीवरचा चहा हातात घेऊन आमच्याकडे आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "तुमची पूजा होऊ द्या रे निवांत. आम्ही आहोत." केटरिंगवाला व्हॅनमध्ये जाऊन बसला तो घरी जाईपर्यंत बाहेर आला नाही.

बाईला हे कळलं तेव्हा ती खूश झाली. "आपण करुणा पाठवली, आणि मदत धावून आली."

तेव्हाच मला कळलं की हिच्याशी वाद घालता येणार नाही. काही चांगलं घडलं तर ते दगडाने घडलं. वाईट घडलं तर तुमच्या रागामुळे घडलं. दोन्हीकडून जिंकायची अशी सोय मी फक्त बिल्डरच्या करारात पाहिली होती.

आता घुबडांचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापायी आहे.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, संडासांच्या पलीकडे, टाकीची खोली आहे. टाकी कधीच बंद पडली. खोलीला वरच्या बाजूला एक झरोका आहे, त्याची जाळी कधीतरी गळून पडली. थंडी संपता संपता तिथे गव्हाणी घुबडाची जोडी आली. पांढऱ्या चेहऱ्याचं, बदामासारखं तोंड असलेलं घुबड. टाकीच्या मागे अंडी घातली आणि तीन पिल्लं झाली. ती पिल्लं भूक लागली की फुसफुसतात. कुकरला शिट्टी यायच्या आधी वाफ सुटते ना, तसा आवाज. लहान मुलं संडासाला जायला घाबरायची, मोठीही घाबरायची पण सांगायची नाहीत.

घुबड म्हणजे अपशकुन. हे मला माहीत होतं, म्हणून मी सगळ्यात आधी टाकीच्या खोलीला लागून राहणाऱ्या काकीकडे गेले. काकी मालवणकडची, चाळीतली सगळ्यात जुनी बाई, तिचा शब्द तिन्ही मजल्यांवर चालतो. घुबड जे खातं त्यातली न पचलेली हाडं आणि केस ते गोळी करून तोंडातून टाकून देतं. तशा गोळ्या टाकीखाली पडल्या होत्या. एक मी वर्तमानपत्रावर तिच्यासमोर फोडली. आतून उंदराची कवटी निघाली, दातांसकट.

काकीने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ह्योच काय गो तो? माझे पापडाचे डबे कुरतडायचो तो?"

"हाच असेल, नाहीतर ह्याचा भाऊ."

"मेलो," काकी समाधानाने म्हणाली आणि वर झरोक्याकडे बघून पुढे बोलली, "रवांदे तेंका. खाऊंदे बापडी."

बस. काकी म्हणाली राहू दे, म्हणजे चाळ म्हणाली राहू दे. काकीची सून तेव्हा पोटुशी होती, आठवा लागला होता. ती रोज संध्याकाळी पॅसेजच्या कठड्याला टेकून उभी राहायची आणि मोठी घुबडं शिकारीला निघाली की मला मेसेज करायची. 'गेले तुझे सासरे.' माझं लग्न घुबडांच्या घरातच लागलंय, असं तिचं म्हणणं.

पण काकीच्या शब्दावर सगळं सोडून चालणार नव्हतं. चाळीत पुनर्विकासावरून दोन तट पडलेले. अर्ध्यांनी सह्या केल्या, अर्ध्यांनी नाही. समोरासमोरच्या दारांतली माणसं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. कोणी कोणाचं कधी काय बिघडवेल ह्याचा भरवसा नव्हता. म्हणून मी घरोघरी वाटायला पत्रक लिहिलं. मला ते अजून पाठ आहे. 'टाकीच्या खोलीत घुबडाची तीन पिल्लं आहेत. ती करणी नाही, अपशकुन नाही, ती उंदीर खातात. पिल्लं उडेपर्यंत झरोका बुजवू नका. बुजवलात तर आत ती भुकेने मरतील आणि कायद्याने तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. शंका असेल तर आधी खाली दिलेल्या नंबरवर फोन करा.' खाली माझा नंबर. काळी शाई, जाड टाइप, अर्ध्या पानात सगळं.

बैठकीत बाईने ते वाचलं आणि कागद हलकेच खाली ठेवला, जणू तो गरम होता.

"किती भीती आहे ह्यात. मरतील. गुन्हा. करणी. बाळा, आपण जो शब्द लिहितो ना, तो आपण बोलावतो."

"मॅडम, तो शब्द चाळीत आधीपासून आहे. मी बोलावला नाही."

"तुझ्यात खूप राग आहे."

"आहे."

अध्यक्ष म्हणाले, "जरा सौम्य करूया." सौम्य करण्याचं काम बाईने घेतलं. छापून आलं ते गुलाबी कार्ड होतं. वर घुबडाचं चित्र, पापण्या असलेलं. खाली मजकूर: 'आपल्या घरात एक पाहुणा आला आहे. चला, त्याच्याशी मनाने बोलूया.' झरोक्याचा उल्लेख नाही, पिल्लांचा नाही, फोन नंबर नाही. चाळीत ते घरोघर वाटलं गेलं. खालच्या मजल्यावरच्या एकाने मला विचारलं, "कोणाचं लग्न गं?"

एवढं होऊन थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. नाही, खोटं बोलत नाही, बसले नसते, पण हे लिहीत बसले नसते.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी छापखान्यात असताना, बाई आणि आमच्या गटातल्या दोन मुली आमच्या चाळीत आल्या. मला कोणी सांगितलं नाही. कोणालाच सांगायचं नव्हतं, कारण बाईच्या शास्त्रात संकल्प बोलून दाखवला की त्याची शक्ती जाते. घरट्याभोवती करुणेचं जाळं बांधायचं होतं. त्यासाठी चांदण्यात ठेवलेले खडे. प्रत्येक खड्याला गुलाबी दोरा गुंडाळलेला, आणि खाली चिमूटभर खडेमीठ, कारण मिठाने म्हणे जागा स्वच्छ होते. दुपारी पॅसेज रिकामा असतो, बायका आडव्या झालेल्या असतात. ह्या तिघी चोरपावलांनी आल्या आणि ते खडे ठेवून गेल्या. जिन्याच्या तोंडाशी, संडासाच्या कोपऱ्यात, टाकीच्या खोलीच्या दाराशी, आणि जाळ्याची एक रेघ नेमकी तिथून जात होती म्हणून काकीच्या उंबऱ्याला लागून.

वाचणाऱ्याला मी वेगळं सांगायला हवं का? मीठ, दोरा, दगड. उंबऱ्यावर. पौर्णिमा उलटताच. आत नववा लागलेली सून. डोक्यावर घुबड. गिरणगावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, ह्याला काय म्हणतात. ज्या बाईला माझ्या पत्रकातला करणी हा शब्द सोसला नाही, तिने ती करणी हातांनी मांडून ठेवली.

मी घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. जिन्यातच सिमेंटचा वास आला. तिसऱ्या मजल्यावर सगळी चाळ गोळा झाली होती. झरोक्याच्या जागी ओल्या विटा होत्या, आणि गवंडी खाली बसून थापी धूत होता. पलीकडच्या गच्चीच्या कठड्यावर मोठं घुबड बसलं होतं. चोचीत उंदीर. ते उडून झरोक्यापाशी यायचं, विटांना पंख घासायचे, परत कठड्यावर जायचं. आतून फुसफुस ऐकू येत होती, पण जाड पांघरुणातून यावी तशी.

"कोणी सांगितलं बुजवायला?" मी विचारलं.

"मी," काकी म्हणाली. ती तिच्या दारात स्टुलावर बसली होती, पायाने दार अडवून. "मोठी बाहेर गेली तेव्हाच बुजवलंव. मारूची नव्हती माका."

"काकी, पिल्लं आत आहेत. तू बघितलीयेस ती."

"माका पिल्लांचा सांगू नको. माझ्या घरात पोर येवचा आसा."

समोरच्या दारातला सही केलेला माणूस भिंतीला टेकून उभा होता. काकीचा मुलगा त्याच्या अंगावर ओरडत होता की हे तूच केलंस, आम्ही सही करत नाही म्हणून केलंस. तो म्हणत होता, अरे माझ्या आईची शपथ. त्याची बायको मध्ये पडलेली. आणि मध्यभागी, फरशीवर, कोणी हात लावू नये म्हणून भोवती खडूने रिंगण काढलेला, गुलाबी दोरा गुंडाळलेला खडा.

मी तो खडा ओळखला. बॅगेच्या चोरकप्प्यात हात घातला आणि कापडी थैली काढून माझा खडा सगळ्यांसमोर धरला. तसाच. तोच रंग.

काकीचा मुलगा मला म्हणाला, "तू?"

"मी नाही. पण कोणाचा आहे ते मला माहीत आहे. समोरच्यांचा नाही. त्यांना सोडा."

मी बाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळ्यांना ऐकू जात होतं.

"हो, आम्हीच ठेवले," बाईचा आवाज मधासारखा. "तुमच्या चाळीसाठीच. आज तिथे काही हलकं वाटतंय का?"

मी काय झालं ते सांगितलं. पलीकडे दीर्घ श्वास ऐकू आला.

"आधी तू श्वास घे. तुझ्या आवाजात किती राग आहे."

"मॅडम, तुम्ही इथे या. पाच मिनिटांवर राहता. ह्या लोकांना तोंडाने सांगा, हे काय होतं. ते भिंत फोडतील."

"मला नाही येता येणार, बाळा. इतक्या भीतीत मी माझी ऊर्जा नाही आणू शकत. मी इथून पाठवते."

"पिल्लं मरतील."

"कदाचित त्यांचा प्रवास तेवढाच असेल."

मी फोन ठेवला. हे वाक्य मी विसरावं असं आमच्या अध्यक्षांना फार वाटतं. मी ते पत्रकासारखं पाठ केलं आहे.

तळमजल्यावरचे काका तोवर वर आले होते. चाळीचं गाऱ्हाणं तेच घालतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: कोकणातल्या माणसाला देवाकडे काही मागायचं असलं की एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सगळी हकिकत सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गणपतीत, लग्नात, नवीन टीव्ही आला तरी. काकांनी फोन ऐकला होता. ते काकीला म्हणाले, "ठेवणारीन कबूल केल्यान. आता भिवचा काय? ज्येचा त्येच्या हातात परत करूचा. गाऱ्हाणा घालून. मगे सुटला."

"आणि तोपर्यंत हे खडे माझ्या दारात?" काकी म्हणाली. "उचलतलो कोण?"

कोणी हललं नाही. जो उचलेल त्याच्या अंगावर येतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी खडूचं रिंगण ओलांडलं आणि वाकले. काकी स्टुलावरून अर्धी उठली. "हात लावू नको गो. तुझा अजून लगीन व्हायचा आसा."

"मग तर बरंच आहे," मी म्हटलं आणि खडा उचलला. जिन्यातला उचलला, संडासातला उचलला, टाकीच्या दारातला उचलला. मीठसुद्धा ओढणीच्या टोकात गोळा केलं. गाठ मारली. "हे आत्ता चाळीतून बाहेर जातंय. रविवारी बाईचा दादरला मेळावा आहे, तिथे तिच्या हातात जाईल. काका गाऱ्हाणं घालतील. तुम्ही सगळे चला. पण भिंत आत्ता फोडा."

सगळे काकीकडे बघत होते. काकी माझ्या ओढणीच्या गाठीकडे बघत होती. तेवढ्यात आतून सून दाराशी आली, पोटावर हात ठेवून, आणि सासूला म्हणाली, "आई, मला आवाज ऐकवत नाही तो. फोडा."

गवंड्याने आपल्याच विटा काढल्या. काढताना शिव्या देत होता, दोनदा काम केलं म्हणून. मसाला ओला होता, लवकर निघालं. पण बुजवतानाच एक वीट आतल्या बाजूला घसरली होती. दोन पिल्लं टाकीच्या मागे एकमेकांना चिकटून होती, सिमेंटने माखलेली, जिवंत. तिसरं, सगळ्यात धाकटं, विटेखाली होतं. हातात घेतलं तेव्हा अजून कोमट होतं आणि त्याला अजिबात वजन नव्हतं.

आम्ही सगळे मागे झालो. थोड्या वेळाने मोठं घुबड उंदीर घेऊन आत गेलं.

धाकट्याला मी चाळीच्या आवारात चाफ्याखाली पुरलं. काकीने वरून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिथे हळदकुंकू दिसलं.

रविवारी दादरच्या हॉलमध्ये बाईचा मेळावा होता. 'वन्यजीव आणि करुणा.' खुर्च्यांना पांढरे अभ्रे, दारात फुलांची रांगोळी, टेबलावर नव्या दगडांचं ताट. बाईच्या टॉवरातली माणसं पुढे, आमचा गट मागे. मी काकी, काका आणि चाळीतल्या आणखी काही जणांना घेऊन आत शिरले. समोरच्या दारातला सही केलेला माणूसही आला होता. त्याला फार उत्साह होता, त्याच्यावर नाहक आळ आला होता ना. काकीच्या हातात स्टीलचं ताट, त्यात ते खडे, तो दोरा, ते मीठ. वरून तिने एक अबोलीचा गजरा ठेवला होता. फुलाशिवाय ताट कोणाकडे नेऊ नये म्हणे.

बाईने आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. माइकवरून म्हणाली, "हेच ते चाळकरी. बघा, करुणा कशी परत येते."

"व्हय, परतच घेवन इलंव," काकी म्हणाली. "देवाक सांगून देतंव. चालतला?"

"नक्की, नक्की." बाई हात जोडून उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या लोकांनीही हात जोडले. कोणीतरी फोनवर चित्रण सुरू केलं.

काकांनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आज ही परळची लेकरां तुझ्या नावान हंय उभी आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी मागच्या रांगेतूनही आलं. आमच्या गटातली अर्धी माणसं कोकणातली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप येतं, शिंक यावी तसं.

"आमच्या दारात, पोटुशी सून आसा त्या दारात, खडो ठेवलो, मीठ ठेवला, दोरो बांधलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्यापायी मुक्या पाखराचा पोर मातयेत गेला म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता अध्यक्षांचाही आवाज होता त्यात. त्यांचं गाव राजापूरकडे. ते म्हणून गेले आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"ज्येना ठेवला, त्येचा त्येका पोचव. त्येच्या पदरात घाल. पुन्ना आमच्या वाटेक येवक देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किती शुद्ध," ती माइकवर म्हणाली. "किती मातीतलं. ह्याचा अर्थ कोणी सांगेल का आपल्याला?"

मी पुढे गेले. माइक तिनेच माझ्या हातात दिला. मी एकेक वाक्य प्रमाण मराठीत सांगितलं, सावकाश, पत्रक वाचावं तसं. खडा, मीठ, दोरा. कुठल्या दारात. विटेखाली कोण मेलं. आणि शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं, कारण पत्रकात शेवटची ओळ जाड टाइपात असते.

काकीने ताट पुढे केलं.

बाईने हात मागे घेतले.

"तिथे... टेबलावर ठेवा ना."

"हातात घेवचा लागता, बाय."

"नको. माझ्या हातात नको."

"तू शिकलेली. दारात मीठ ठेवूक तुका काय वाटला नाय, आता घेवक भिता?"

मागच्या रांगेतून केटरिंगवाल्याचा आवाज आला, अगदी साधा, चौकशी करावी तसा. "मॅडम, करुणेचेच आहेत ना ते?"

मला हेच हवं होतं. मी दगडांवर विश्वास ठेवत नाही, गाऱ्हाण्यावरही नाही. माझ्या ओढणीत ते खडे चार दिवस छापखान्याच्या कपाटात पडून होते आणि माझं काहीही झालं नाही. पण बाई विश्वास ठेवते. दगडात माणसाच्या मनातलं उतरतं हे तिनेच आम्हाला रविवारी रविवारी शिकवलं होतं. मग आमच्या चाळीच्या मनात काय होतं ते ह्या खड्यांत उतरलंच असणार. तिच्याच शास्त्राप्रमाणे. तिने ताटाकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि ती घाबरली. खरीखुरी, काकीची सून घाबरली होती तशी. मी ते अगदी जवळून बघितलं. आणि मला ते आवडलं. इथे लोक लिहितात की मग मला तिची दया आली. मला आली नाही.

काकीने ताट टेबलावर उपडं केलं, गजरा उचलून स्वतःच्या केसांत घातला आणि रिकामं ताट काखेत मारलं. बाई म्हणाली की हॉलची ऊर्जा जड झाली आहे, आणि मागच्या दाराने गेली. माफी मागितली नाही. धाकट्या पिल्लाचं नावही काढलं नाही.

बाहेर अध्यक्ष मला म्हणाले, "तू जरा जास्तच केलंस."

"हो, सर."

"तिने व्हॅन परत मागितली तर?"

तिने मागितली. आम्ही आता खोकं मांडीवर घेऊन टॅक्सीने जातो. पोचतो मात्र लवकर.

काकीला नात झाली. दोन्ही पिल्लं तिच्या बारशाच्या आधी उडाली. सुनेने मला मेसेज केला, 'गेले तुझे दीर.' काकी म्हणते गाऱ्हाणं पोचलं. मी वाद घालत नाही. माझं पत्रक मी स्वतः छापलं, काळ्या शाईत, होतं तसंच. करणी हा शब्द ठेवला. ते आता हिंदमातापासून लालबागपर्यंत पुष्कळ जिन्यांत चिकटवलेलं आहे. बाई दुसऱ्या एका गटात गेली असं ऐकलं, कुत्र्यांचं काम करणाऱ्या. त्यांनाही मी एक पत्रक पाठवलं आहे. तिच्याविषयी. त्यात पहिल्याच ओळीत सगळं आहे.

परवा त्या हॉलच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "मॅडम, तुमचे दगड इथे पडून आहेत टेबलावर. झाडूवाली हात लावत नाही, वॉचमन लावत नाही. लग्नाच्या पार्ट्या विचारतात. घेऊन जा ना कृपा करून."

"माझे नाहीत," मी म्हटलं, आणि त्याला बाईचा नंबर दिला.

"त्या उचलत नाहीत फोन."

"लावत राहा," मी म्हटलं.